बंधाऱ्यावरच्या कासवाचा फोटो कसा काढायचा, आणि ते घरी आणून पाळलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जालन्याजवळच्या बंधाऱ्यावर कासव दिसलं, मोबाईल काढेपर्यंत ते पाण्यात गेलं, आणि आता मुलगी तेच कासव घरी आणायचा हट्ट धरून बसलीय. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ते कासव आणू नका. आपल्या नद्या-तळ्यांतलं कुठलंच देशी कासव घरी ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात बदल होऊन १ एप्रिल २०२३ पासून नवी परिशिष्टं, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, लागू झाली. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५,००० रुपये दंड आहे. तुम्ही पाहिलेलं कासव बहुधा त्याच परिशिष्टातलं आहे.

बहुधा म्हणतो, कारण आपल्याकडच्या बंधाऱ्यांत आणि पाझर तलावांत नेहमी दिसतं ते मऊ पाठीचं, नळीसारख्या नाकाचं कासव. इंग्रजीत त्याला इंडियन फ्लॅपशेल म्हणतात. पोटाच्या बाजूला मागच्या पायांवर त्याला कातडीची झाकणं असतात. पाय आत ओढले की झाकण बंद, जसं दुकानाचं शटर खाली येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते गाळात रुतून पडून राहतं आणि मृगाचा पाऊस झाला की बाहेर निघतं. तेव्हा रस्त्यावर चालताना दिसलं तर ज्या दिशेला त्याचं तोंड आहे त्याच दिशेच्या कडेला सोडा. पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी धरा, कारण त्याची मान वाटते त्यापेक्षा लांब येते आणि चावा जोरात बसतो. गाडीत टाकून दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.

आता फोटोचं. मी परभणीचा, लग्नाचे फोटो काढून पोट भरतो आणि लग्नसराई नसली की दुधनेच्या काठी जाऊन बसतो. पहिली दोन वर्षं माझ्याकडं कासवाचे फोटो नव्हतेच, होती ती पाण्यावर उठलेली वर्तुळं. मला वाटायचं कासव आपल्याला बघून पळतं. बघतंच ते, पण काठावरून चालताना जमिनीला बसणारा हादरा त्याला त्याआधी कळतो. त्यामुळं मी आता जाणं बदललं, लेन्स तीच आहे. हिवाळ्यात सकाळी साडेआठच्या आत पोचायचं, कासव वर यायच्या आधी. वेड्या बाभळीच्या आडोशाला, सावली पाण्यावर पडणार नाही असं बघून, पोत्यावर बसून घ्यायचं. मग उठायचं नाही. ऊन वर आलं की साडेनऊच्या सुमारास पहिलं डोकं दिसतं, बोटाच्या पेराएवढं. ते बराच वेळ तसंच राहतं. त्या वेळी कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, आधीच लावून ठेवलेला असला पाहिजे.

मागच्या जानेवारीत असंच एक काळं कासव पाण्यात पडलेल्या बाभळीच्या खोडावर चढलं. हे कठीण पाठीचं, पाठीवर तीन उभे कंगोरे असलेलं. आधी नुसतं बसलं. दहा-बारा मिनिटांनी मान बाहेर काढली, मग मागचे दोन्ही पाय मागं ताणले आणि बोटं पसरली. बोटांमधल्या पडद्यातून ऊन आरपार दिसत होतं. पाठीवरचं पाणी वाळत गेलं तसा काळा रंग राखाडी होत गेला. एवढं सगळं त्यानं केलं कारण त्याच्या लेखी तिथं कुणी नव्हतं. हातात उचलून काढलेल्या फोटोत हे कधीच येत नाही, तिथं डोकं आत ओढलेलं एक भ्यालेलं जनावर असतं.

मोबाईलनं काढणार असाल तर झूम दुपटीच्या पुढं नेऊ नका. आधीच जवळ बसून राहा आणि मोबाईल पाण्याच्या जितका जवळ धरता येईल तितका धरा. वरून काढलं की नुसती पाठ दिसते. ओल्या पाठीवर ऊन चमकतं म्हणून उजेड थोडा कमी करा आणि फोकस डोळ्यावर ठेवा. कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर लावा, पाण्यावरची चकाकी जाते.

एक गोष्ट विसरू नका: फोटो टाकताना बंधाऱ्याचं नाव टाकू नका, मोबाईलमधलं लोकेशन बंद ठेवा. आपल्याकडं ‘वीस नखी कासवा’च्या नावानं पैशाचा पाऊस पाडायला निघालेले लोक अजून आहेत. मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीन नखं असतात, काळ्याला पुढं पाच-पाच आणि मागं चार-चार. वीस मोजायच्या नादात ही माणसं भेटेल ते कासव पोत्यात घालून नेतात. असं काही कानावर आलं तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा.

मुलीचं मन मी समजू शकतो, माझ्या मुलासाठी मी तेच केलंय. २०१४ मध्ये औरंगाबादच्या एका दुकानातून जुन्या रुपयाएवढी दोन हिरवी पिल्लं आणली, डोळ्यामागं लाल पट्टा असलेली. हे अमेरिकेतलं कासव, रेड इअर्ड स्लायडर. दुकानदार म्हणाला, एवढीच राहतात, काचेच्या भांड्यात ठेवा, सुकी कोळंबी घाला. वर्षभरात एकाची पाठ अंगठ्यानं दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी दबायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचेतून येणारं ऊन चालत नाही, थेट ऊन आणि कॅल्शियम हवं. ते वाचलं नाही. मुलगा आठ दिवस त्या भांड्याजवळ गेला नाही.

दुसरं आहे, मादी आहे. आता जेवणाच्या ताटाएवढी झालीय, गच्चीवर हौदात असते. दोन उन्हाळे तिनं अंडी घातली, त्यासाठी मातीचं खोकं करावं लागलं. पाणी आठवड्यातून दोनदा बदलतो, हात लावला की साबणानं धुतो, कारण साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू पसरतो. ही कासवं तीस वर्षंही जगतात. तुमची मुलगी आज आठ वर्षांची असेल तर हिशेब तुम्हीच करा. कंटाळा आला म्हणून गोदावरीत सोडायची तर अजिबात नाहीत. युरोपियन युनियननं १९९७ मध्ये यांची आयात बंद केली ती यामुळंच, सोडलेली स्लायडर देशी कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं बळकावतात.

चांदणीसारखी पाठ असलेलं स्टार कासव कुणी ‘शुभ असतं’ म्हणून देऊ केलं तर तेही नको. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद आहे. शिवाय ते जमिनीवरचं आहे, पाण्यात सोडलं की बुडून मरतं. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं असं माझ्या सासुरवाडीला अजून मानतात. तिथं मी दरवेळी एवढंच विचारतो की सरळ बांधलेल्या विहिरीत ते ऊन खायला कुठं चढणार, अंडी कुठं घालणार?

तुमचा बंधारा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटत आला की कासवांच्या बसायच्या जागा थोड्याच उरतात, नवख्या माणसालाही तेव्हा दिसतात. मुलीला सोबत न्या, टोपी आणि पाणी घ्या, दोन तास द्या. फोटो मिळाला तर इथं खाली टाका. डोकं बाजूनं आणि एखादा पाय दिसत असला तर कुठलं कासव आहे ते मी सांगतो.