आयर्लंडमधल्या बागेतले फ्यूशिया हिवाळ्यानंतर पूर्ण वाळले आहे. ते उपटून टाकावे का?

तुम्ही लिहिले आहे की गेल्या ऑगस्टमध्ये कॉर्कजवळच्या नव्या घराच्या अंगणात फ्यूशिया या फुलझुडपाचे एक रोप जमिनीत लावले, दुसरे टांगत्या कुंडीत ठेवले, ऑक्टोबरअखेर दोन्ही तळापर्यंत छाटली आणि आता एप्रिलमध्ये दोन्हींच्या नुसत्या काटक्या उरल्या आहेत. जमिनीतले रोप कृपया इतक्यात उपटू नका. जूनच्या मध्यापर्यंत त्याला वेळ द्या. मी याच भागात बारा वर्षे बाग करते आहे आणि पहिल्या वर्षी मीही अशीच घाई केली होती. एप्रिलमध्ये कुदळीने गड्डा वर काढला, माती झटकली, तेव्हा जमिनीखाली दोन बोटांवर, बुंध्याला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढे लालसर कोंब दिसले. ते रोप मी लगेच परत लावले, परंतु मुळे तुटली होती आणि ते जगले नाही. त्याचे मला आजही वाईट वाटते.

फांदीचा शेंडा वाळला म्हणजे झाड गेले, असे फ्यूशियाच्या बाबतीत मानू नये. नखाने साल हलकेच खरवडून पाहा आणि वरून खाली येत जा. वर तपकिरी, कोरडे लाकूड लागले तरी बुंध्याजवळ हिरवा ओलसर थर लागला, तर झाड जिवंत आहे. तिथेही हिरवे नसेल, तरी जमिनीखालचे डोळे, म्हणजे अजून न उमललेले कोंब, फुटू शकतात, म्हणून तर थांबायचे.

मात्र तुमची दोन्ही रोपे एकाच जातीची नसावीत. वेस्ट कॉर्क आणि केरीमध्ये रस्त्याच्या कडेला माणसापेक्षा उंच कुंपणे दिसतात, ती फ्यूशिया मॅजेलानिका या जातीची आहेत. दक्षिण चिली आणि अर्जेंटिनाच्या थंड, पावसाळी प्रदेशातली ही जात इथल्या सौम्य हिवाळ्यात इतकी रुळली आहे की आयरिश भाषेत तिच्या फुलांना ‘देओरा डे’, म्हणजे देवाचे अश्रू, असे नाव पडले. मला मात्र ती फुले पाहिली की आपल्याकडचे डूल आठवतात: बाहेर चार लाल दले, आत जांभळ्या पाकळ्यांची घट्ट गुंडाळी आणि खाली लोंबणारे आठ पुंकेसर. टांगत्या कुंडीसाठी विकली जाणारी भरगच्च दुहेरी पाकळ्यांची रोपे बहुधा नाजूक संकरित वाणांची असतात आणि कुंडीतली माती गोठली की ती टिकत नाहीत. तुमचे कुंडीतले रोप हिवाळाभर बाहेर राहिले असेल, तर त्याची फारशी आशा धरू नका. पुढच्या वेळी पहिले दहिवर गोठण्याआधी अशी कुंडी शेडमध्ये किंवा काचघरात न्या, तापमान ५ अंशांच्या आसपास राहू द्या आणि माती पूर्ण सुकणार नाही इतपतच पाणी द्या.

ऑक्टोबरमधली छाटणी ही खरी चूक झाली. जुन्या फांद्या हिवाळाभर बुंध्याचे थंडीपासून काहीसे रक्षण करतात, म्हणून त्या तशाच राहू द्याव्यात आणि वसंतात खालून कोंब दिसू लागले की मगच वाळलेला भाग काढावा. तेव्हा अगदी जमिनीलगत छाटले तरी नुकसान होत नाही, कारण फ्यूशियाला फुले त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात.

नवे रोप लावायचे झाल्यास मे संपताना लावा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळे धरायला पूर्ण उन्हाळा मिळेल. कुंडीत मातीची जी पातळी होती, तिच्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर खोल लावा. जमिनीखाली गाडले गेलेले हेच डोळे कडक हिवाळ्यानंतर झाड परत उभे करतात. शरद ऋतूत बुंध्यावर पालापाचोळ्याचे किंवा कुजलेल्या सालपटांचे जाड आच्छादन घाला. पाण्याचा निचरा चांगला हवा, कारण इथे थंडीइतकीच साचलेली ओल घातक ठरते.

कोवळ्या फांदीवर पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडावा. बाजूने दोन फांद्या फुटतात आणि झुडूप दाट होते. खुडल्यानंतर फुले यायला सहा ते दहा आठवडे लागतात, त्यामुळे जूननंतर खुडू नये. उन्हाळ्यात पालाश (पोटॅश) जास्त असलेले टोमॅटोचे द्रवखत पंधरवड्याला एकदा पुरते.

पानाखाली नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा आहे. ती पाने लगेच काढून टाका. शेंडे सुजून, लाल होऊन वेडेवाकडे झाले, तर ते गाठी करणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांचे काम असते. तो भाग निरोगी फांदीपर्यंत कापून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

पुण्याला आईसाठी फाटे नेता येतील का, असेही तुम्ही विचारले आहे. परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नसताना भारतात रोपे नेता येत नाहीत. नेता आली तरी पुण्याचा एप्रिल-मे त्यांना सोसवणार नाही, कारण ३० अंशांच्या पुढे फ्यूशिया कळ्या गाळू लागते. उटी किंवा कोडाईकनालच्या हवेत ते जमते. तुमचे झाड फुटले, तर जुलैमध्ये बोटभर लांबीचे, फुले नसलेले शेंडे कापून ओलसर वाळूमिश्रित मातीत खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतील आणि कडक हिवाळा आलाच तर घरात एक जोडरोप शिल्लक राहील.