नेवरी कोणाची? पुरीमची थट्टा मराठीत

प्रश्न : आमच्या फोंड्याच्या शाळेत ‘जगातले सण’ कार्यक्रमासाठी सातवीच्या मुलांनी ज्यूंचा पुरीम निवडला आहे. या सणाला धर्मग्रंथांची गमतीदार नक्कल करतात असे कळले. ती मराठीत कशी लिहावी? कोणाचे मन दुखावणार नाही ना?

उत्तर : बेलाशक लिहा. ही थट्टा ज्यूंच्या घरचीच आहे. तिला ‘पुरीम तोरा’ म्हणतात (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ). 14व्या शतकात इटलीत कलोनिमोस बेन कलोनिमोस याने तल्मूदाचे (ज्यू धर्मशास्त्राच्या वादविवादांच्या ग्रंथाचे) अख्खे एक प्रकरणच या थाटात रचले होते. हसू मात्र ग्रंथाला नसते. ग्रंथातली वाद घालायची रीत जशीच्या तशी उचलायची आणि क्षुल्लक गोष्टीला लावायची. भाषा शास्त्रीबुवांची, विषय मधल्या सुट्टीतला डबा!

तल्मूदातला एक प्रसिद्ध वाद असा : दोघांनी एक वस्त्र धरले आहे, दोघेही ‘सगळे माझे’ म्हणतात. दोघांनी शपथ घ्यावी आणि अर्धे अर्धे वाटून घ्यावे. एक ‘सगळे’ आणि दुसरा ‘अर्धे’ म्हणाला, तर पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. आता वस्त्राच्या जागी नेवरी (करंजी) ठेवा. लगेच शंका काढा : ओढाताणीत सारण सांडले तर ते कोणाचे? एक गुरू म्हणतो, खालची कड धरणाऱ्याचे. दुसरा म्हणतो, मुंग्यांचे. दोघांनाही भूगोलाच्या पुस्तकातले वाक्य पुरावा म्हणून द्या. पुराव्याशिवाय ते नुसते विनोद होतात, इथेच बहुतेक संहिता पडतात. शेवटी ‘तेकू’ म्हणा, म्हणजे प्रश्न तसाच राहिला.

अक्षरांच्या बेरजेचा खेळ हवाच. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; ‘हामान शापित’ आणि ‘मर्दखय धन्य’ (पुरीमच्या कथेतला खलनायक आणि नायक) या दोन्हींची बेरीज 502 येते. त्याचे भाषांतर करू नका, मराठीत कोटी मरते. आपल्याकडे कटपयादी आहे : क, ट, प, य या प्रत्येकापासून पुढे 1, 2, 3 असे आकडे मोजायचे. स्वर सोडा, जोडाक्षरातले शेवटचेच व्यंजन मोजा. पुरीम : 1+2+5 = 8. सुट्टी : 7+1 = 8. म्हणजे पुरीमला सुट्टी शास्त्रसिद्ध! मग प्रतिपक्षाने उठावे : शाळा 5+9 = 14, गृहपाठ 3+8+1+2 = 14, आणि पुरीम येतो ज्यू पंचांगातल्या अदार महिन्याच्या 14 तारखेलाच. मुलांना फळ्यावर मोजू द्या, पाठ करून घेऊ नका.

भित्तिपत्रकासाठी ए-थ्री कागद घ्या. मांडणी तल्मूदाच्या पानासारखी : मध्ये ठळक मूळ मजकूर, बांधणीच्या बाजूला राशी नावाच्या भाष्यकाराची टीका (सोपा अर्थ), बाहेरच्या बाजूला तोसाफोत ही नंतरची टिपणे (त्यावर आक्षेप). मंचावर पाच मिनिटे पुरतात. हामानचे नाव आले की टाळ्या-खुळखुळ्यांनी ते बुडवायचे, पण दर वेळी दोन-तीन सेकंदच, नाहीतर पुढचे वाक्य कोणाला ऐकू जात नाही.

देवाचे नाव घालू नका. पुरीमची कथा सांगणाऱ्या हिब्रू एस्तेरच्या पुस्तकातही ते नाही, त्यामुळे अडत नाही. प्रार्थना, पेहराव, नाक, पैसा यांवर एकही ओळ नको. आणि हे गोवे आहे, ज्यूंच्या छळाची आठवण इथेही आहे : ज्यू वंशाचे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे अवशेष 1580 मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) इथेच उकरून जाळले. थट्टा शाळेच्या नियमांची करा, पण शिक्षकांची नावे बदलून.