दुसऱ्या सहीच्या आधी

"सगळं ठरलंय, हॉलसुद्धा घेतलाय, आणि आता मला शंका येतेय. माझ्यातच काही बिघडलंय का?" लग्नसराईच्या तोंडावर हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला हमखास येतो. फोंड्याची मानसी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) हाच प्रश्न घेऊन आली. वय 29, वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी. गोव्यात लग्नासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन सह्या कराव्या लागतात, त्यातली पहिली झाली होती, लग्न डिसेंबरात होतं.

निमित्त झालं एका चित्रपटाचं. नोव्हेंबरात मैत्रिणीबरोबर ती पणजीला इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, गेली आणि कमी पैशांत केलेला, ओळखीचा एकही नट नसलेला एक चित्रपट पाहून आली. त्यातली नवरी हळदीच्या दिवशी घरातल्या एकेका बाईला विचारत फिरते, तू लग्न का केलंस? कुणी हसतं, कुणी तिला कामाला लावतं. मानसी म्हणाली, "घरी आले आणि झोपच लागेना. मला कुणी हे विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?"

आईचं म्हणणं होतं, चित्रपटानं पोरीचं डोकं फिरवलं. मला ते पटत नाही. दोन तासांचा चित्रपट कुणाच्या मनात शंका पेरत नाही. आधीपासून असलेल्या शंकेला तो शब्द देतो.

अशा वेळी मी शंकेची फोड करायला सांगते. लग्नच नकोय, हा माणूस नकोय, आत्ता नकोय, की या अटींवर नकोय? चारही गोष्टींची धडधड सारखीच असते, उत्तरं मात्र वेगळी. मानसीनं दोन बैठका घेतल्या. मुलगा तिला आवडत होता. पण लग्नानंतर रात्रपाळी बंद, हे सासरी परस्पर ठरलं होतं, आणि तिच्या नावावरच्या फ्लॅटचे हप्ते कोण भरणार यावर कुणी बोललंच नव्हतं.

"हे घरी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"आईनं देवाचा प्रसाद घेतला होता. उजवी पाकळी पडली. त्यावर मी काय बोलणार?"

आपल्याकडे हे किती घरांत होतं! मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांपैकी कुठली पडते त्यावरून देवाचा कौल धरायचा, उजवी पडली की होकार. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी एवढंच विचारलं, "देवाला प्रश्न काय घातला होता?" ती थोडा वेळ गप्प राहिली. "स्थळ चांगलं आहे का, असा."

गोव्यात आणखी एक गोष्ट मला सांगावीच लागते, कारण पुष्कळांना ती उशिरा कळते. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं. मग हरकतींसाठी नोटीस लागते. दुसरी सही झाली की कायद्यानं तुम्ही नवरा-बायको, मंगलाष्टकं व्हायची असली तरी. नंतर मन बदललं तर कोर्टाची पायरी चढावी लागते. शिवाय वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र धरली जाते, आणि तो करार लग्नाआधीच व्हावा लागतो. म्हणून मी म्हणते, भीती वाटत असेल तर ती दुसऱ्या सहीच्या आधी बोला. वकिलाचा सल्लाही तेव्हाच घ्या.

मानसी मुलाशी बोलली. रात्रपाळीबद्दल तो म्हणाला, "आईला विचारून सांगतो." फ्लॅटचा विषय निघाल्यावर सासरच्यांना तो अविश्वास वाटला. सही पुढे ढकलली, आणि पंधरा दिवसांत त्यांच्याकडून नकार आला.

हे मी लपवणार नाही. प्रश्न विचारण्याची किंमत पडते. मानसी खूप रडली, तिला तो माणूस खरंच आवडला होता. आई तर तिच्याशी बोलेनाच. वाडीवर "लोक कितें म्हणटले?" सुरू झालं होतं. त्या दिवसांत आमच्या बैठकांत चूक-बरोबर काही नव्हतं. जेवण, झोप, कामावर जाणं, आणि भेटणाऱ्यांना सांगायचं एक छोटं वाक्य: "आमचं जमलं नाही." पुढचं स्पष्टीकरण द्यायची सक्ती नाही, हे तिला पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

फेब्रुवारीत आई स्वतः आली. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "परवा तिला म्हटलं, परत एकदा प्रसाद घेऊया काय? तर म्हणाली, घेऊया. पण प्रश्न मी सांगणार."

"मग?"

"मग काय, भटजींना मी तसंच सांगितलंय."