मॉडेल विमानाच्या कॅनॉपीचे (कॉकपिटवरच्या काचेचे) मास्क, म्हणजे रंगवताना काच झाकायचे टेपचे तुकडे, कापताय?

अरे, मास्कच्या आराखड्याची प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ बंद कर, स्केल १००% ठेव आणि कडेला ५० मिमीची एक रेघ टाक, प्रिंटवर ती पट्टीने मोज, जरा जरी कमीजास्त भरली तरी १/७२ स्केलच्या (खऱ्याच्या ७२ पट लहान) कॅनॉपीवर मास्क काचेच्या चौकटीला, म्हणजे फ्रेमला धरून बसणारच नाही. गोल काचेवर विनाइल (प्लास्टिकचा स्टिकर कागद) नको, कडेने उचकटतं, वाशी टेपच (पातळ जपानी कागदी टेप) घे, विनाइल पंखांवरच्या चिन्हांना मस्त. ब्लेड मात्र नवीनच, पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळून जाईल, बोथट ब्लेडने टेप कापत नाही, फाटतो. चिकटवल्यावर टूथपिकने कडा दाब, मग बाहेरच्या रंगाआधी कॉकपिटच्या आतल्या रंगाचा पातळ हात मार, आतून फ्रेम खरी दिसते आणि कडाही बंद होतात. पावसाळ्यात आपल्याकडे रंग वाळायला वेळ लागतो, घाई नको, पण मास्क आठवडेच्या आठवडे ठेवूही नकोस, गोंद काचेवर राहतो.