ऑफर घेण्याआधी कर्मचाऱ्यांचे अनुभव वाचताना

नोकरीची ऑफर आलेल्या कंपनीबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांनी नेटवर लिहिलेलं इतकं उलटसुलट वाचून तुझा गोंधळ होणारच. सगळं वाचत बसू नकोस. आधी तारीख आणि विभाग बघ. सेल्सवाल्याचा तीन वर्षांपूर्वीचा वैताग टेस्टिंग टीमला लागू होईलच असं नाही; मधल्या काळात मॅनेजरही बदललेला असू शकतो.

एकाच आठवड्यात 'उत्तम वातावरण, भरपूर शिकायला मिळतं' छापाची पाच-सहा कौतुकं दिसली, तर बहुतेक एचआरने नव्यांना लिहायला बसवलेलं असतं. रागाच्या भरात लिहिलेलंही जपूनच घे. कामाचं सापडतं ते कंपनीला पाचपैकी तीन स्टार देणाऱ्यांच्या लिखाणात: 'पगार वेळेवर, पण सुट्टी मागितली की साहेबांचं तोंड वाकडं.' हीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत, वेगवेगळ्या वर्षी आली असेल तर ती खरी धर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- कंपनीचं नाव बघतात, आपला थेट मॅनेजर कोण हे विचारतच नाहीत.
- 'आम्ही एक कुटुंब आहोत' याला भुलतात. (कामाचे तास विचार, मग कळेल!)

मुलाखतीत बिनधास्त विचार, ही जागा रिकामी का झाली? आधीचा माणूस किती टिकला? प्रश्न ऐकून समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले, तर सही करायची घाई करू नकोस. पगाराची घासाघीस नंतर बघू.