वाचकांचे प्रश्न: जुगार कायदेशीर केला तर काय बिघडतं?

प्रश्न: लोक चोरून खेळतातच, मग जुगार कायदेशीर करून सरकारने टॅक्स घेतला तर बिघडलं कुठे?

उत्तर: टॅक्स मिळतो, नोकऱ्याही निघतात, हे खरंय. पण तो पैसा येतो कुणाच्या खिशातून ते बघा ना. रुलेट घ्या, म्हणजे कॅसिनोत फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ, त्याच्या युरोपियन चाकावर ३७ घरं असतात आणि तुमचा आकडा लागला तर लावलेले पैसे परत आणि वर ३५ पट मिळतात, म्हणजे सगळं अगदी प्रामाणिकपणे चाललं तरी लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २.७ रुपये मालकाकडे जाणारच, आणि माणूस एकदा खेळून उठत नाही, जिंकलेलं परत लावतो, हरलेलं वसूल करायला बसतो. कमाईचा मोठा वाटा अशा व्यसन लागलेल्यांकडूनच येतो आणि मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. कर्ज लपवलं जातं, घरच्यांना कळतं तेव्हा बचत संपलेली असते.

अमेरिकेत अटलांटिक सिटीत १९७८ ला पहिला कॅसिनो आला, शहर सावरेल म्हणून. शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले, गिऱ्हाईक वाटलं गेलं, आणि २०१४ मध्ये एकाच वर्षात तिथले चार कॅसिनो बंद, हजारो लोक बेकार!

सिंगापूरने जरा डोकं लावलं. पर्यटकांना प्रवेश फुकट, स्वतःच्या नागरिकांना मात्र फी, २०१९ पासून दिवसाला १५० सिंगापूर डॉलर. शिवाय घरचे लोक अर्ज करून आपल्या माणसाला आत जायला बंदी घालून घेऊ शकतात. कायदेशीर करायचंच असेल तर निदान एवढी सोय आधी करा, टॅक्सचा हिशोब नंतर.