विकिपीडियावरचे ते 'माहीत आहे का?' वाले फॅक्ट कोण निवडतं? आपल्यासारख्याला जमतं का?

विचारणाऱ्यांचा प्रश्न लांबलचक होता, थोडक्यात असा की विकिपीडियाच्या पहिल्या पानावर रोज चकित करणाऱ्या सात-आठ ओळी येतात त्या कोण शोधतं, त्यासाठी टीम असते का, पैसे मिळतात का, आणि लातूरला बीएस्सी करणाऱ्या पोराला आपल्या भागातलं असं काही मराठीत लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करायची.

पैशाचं आधी सांगतो, एक रुपया मिळत नाही, कुणालाच नाही. मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत अकाऊंट्सला आहे, दिवसभर बिलं आणि जीएसटी, आणि रात्री जेवण झालं की तास-दीड तास हे काम. इंग्रजी विकिपीडियावर दुसऱ्यांच्या ओळी तपासतो आणि रविवारी सकाळी आम्ही चौघं एकत्र बसून मराठीसाठी आपल्याकडच्या विषयांवर लेख आणि ओळी तयार करतो. त्यातले एक भोकरदनकडचे शाळेतले गुरुजी आहेत, त्यांचं पुढं येईलच.

आता इंग्रजीवर हे कसं चालतं ते, कारण नियम तिथलेच सगळ्यात पक्के आहेत. २००४ पासून चालू आहे हा विभाग. बऱ्याच लोकांना वाटतं की कुणीतरी बसून इंटरनेटवर भन्नाट फॅक्ट गोळा करतं आणि टाकतं. तसं बिलकुल नाही. आधी लेख पाहिजे, आणि तोही ताजा, म्हणजे मागच्या सात दिवसांत नवीन लिहिलेला किंवा आधीच्या पाचपट वाढवलेला किंवा नुकताच 'चांगला लेख' म्हणून पास झालेला. मजकूर कमीत कमी १५०० अक्षरांचा. मग त्या लेखातून एक ओळ काढायची, '...की अमुक अमुक?' अशी, ती २०० अक्षरांच्या वर जाता कामा नये, आणि त्या ओळीत जे म्हणलंय ते लेखात असलं पाहिजे आणि त्याला तिथंच संदर्भ पाहिजे. इंग्रजीत या ओळीला हुक म्हणतात, आम्ही आपसात 'गळ' म्हणतो.

ज्यानं लिहिलं त्यानं स्वतःचं तपासायचं नाही हा मोठा नियम. दुसरा कुणीतरी लेख वाचतो, कुठून उचललाय का बघतो, संदर्भ उघडून बघतो की बाबा तिथं खरंच असं लिहिलंय का, मग पास. मग तिसरा माणूस पास झालेल्या ओळींचा संच लावतो, फोटोवाली ओळ पहिली, हलकीफुलकी शेवटी, आणि सगळ्या एकाच देशाच्या किंवा एकाच विषयाच्या यायला नकोत हे बघतो. मग प्रचालक, म्हणजे जास्तीचे अधिकार दिलेला सदस्य, परत एकदा नजर टाकून रांगेत लावतो आणि बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, ठरल्या वेळेला पानावर चढवतो. साधारण २४ तास राहते ती ओळ, गर्दी झाली की १२ तास. आणि पहिल्या पाच वेळा सूट असते, त्यानंतर आपली एक ओळ द्यायची तर दुसऱ्याची एक तपासून द्यावी लागते. हा नियम मला लै आवडतो, सावड असते ना शेतात, आज तू माझ्याकडं उद्या मी तुझ्याकडं, तसंच.

आता खरं काम. चकित करणारं सापडायला वेळ लागत नाही हो, ते तर व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ढीगभर येतं. अवघड हे की त्यातला कोणता शब्द खोटा आहे ते शोधून काढायचा आणि काढल्यावरही ती ओळ उभी राहते का ते बघायचं. बऱ्याच पडतात. माझी स्वतःची पडलीये. सुरुवातीला मी वेरूळच्या कैलास लेण्यावर लिहिलं होतं की चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढला. लहानपणापासून ऐकलेलं, गाईडही तेच सांगतात, मला शंकाच आली नाही. तपासणाऱ्यानं एकच विचारलं, हे मोजलं कुणी? शोधायला बसलो तर कुठं दोन लाख टन, कुठं चार लाख, आणि वर्षांचं तर ज्याला जे वाटलं ते. दोन रात्री गेल्या आणि शेवटी दोन्ही आकडे काढले. मग राहिलं काय, तर आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानलं जाणारं हे देऊळ डोंगर वरून खाली कोरत आणलंय, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. आता मला सांगा, यात चार लाख टनाची गरज होती का? आकडा काढल्यावर ती ओळ उलट जास्त चांगली वाटायला लागली.

तसंच 'पहिला', 'एकमेव', 'सगळ्यात मोठा' हे शब्द. हे दिसले की हात आखडता घ्यायचा. 'देशातलं एकमेव' म्हणलं की पूर्ण देश तपासलाय असा अर्थ होतो, आणि तो कुणीच तपासलेला नसतो. आपल्या मराठवाड्यात तीन ज्योतिर्लिंगं आहेत, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ, आणि ही ओळ कुणीतरी दर दोन महिन्यांनी आणतंच. पण वैजनाथावर झारखंडातल्या देवघरचा दावा आहे, नागनाथावर द्वारकेजवळच्या नागेश्वराचा. श्रद्धेत भांडण लावायचं आपलं काम नाही, पण ज्ञानकोशात 'आहेत' लिहायचं का 'मानली जातात' लिहायचं यात फरक पडतो.

आता भोकरदनचं सांगतो, हे जरा सविस्तर, कारण हे काम कसं असतं ते यातून नीट कळेल.

एका रविवारी गुरुजी वहीत ओळ लिहून घेऊन आले. "इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेली लक्ष्मीची मूर्ती आपल्या भोकरदनला घडवलेली आहे, माहीत आहे का?" चेहरा असा खुललेला त्यांचा. आणि खरंच, ऐकल्यावर अंगावर काटा येतो. पॉम्पेई म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर, तिथं १९३८ मध्ये एका घरात हस्तिदंताची छोटी, वीतभर उंचीची बाईची मूर्ती सापडली, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, आणि घडण बघितली की डोळे झाकून सांगता येतं की ही भारतातली आहे. आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे.

मग आम्ही शब्द एकेक करून सोलायला घेतले. पहिला शब्द 'लक्ष्मी'. सापडली तेव्हा लक्ष्मी म्हणले, ते नाव चिकटलं. पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासकांना ती यक्षी वाटते. आणि तिच्या डोक्यातून खाली आरपार भोक पाडलेलं आहे, म्हणजे ती आरशाची मूठ असेल नाहीतर एखाद्या चौरंगासारख्या वस्तूचा पाय असेल, पूजेची मूर्ती असण्यापेक्षा वापरातल्या वस्तूचा भाग असण्याची शक्यता जास्त. लक्ष्मी गेली. गुरुजी म्हणले ठीक आहे.

दुसरा शब्द 'घडवलेली'. इथं वाद झाला, चहा दोनदा झाला. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव येतं इतकं जुनं. १९७० च्या दशकात तिथं उत्खनन झालं तेव्हा अगदी त्याच धाटणीची हस्तिदंती मूर्ती निघाली, आणि तशीच एक धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही मिळालेली आहे. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची मूर्तीही इकडचीच असावी. पण तिच्या बुडाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराकडची लिपी, आपल्याकडची ब्राह्मी. मग ती तिकडं बनली, का इकडं बनून तिकडून गेली, का नुसती जोडणाऱ्याची खूण? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तर 'घडवलेली' पण गेलं.

गुरुजींनी पेन खाली ठेवला. म्हणले, "मग यात आपलं राहिलं काय?"

मला उत्तर सुचलं नाही लगेच. आमच्यातली एक मुलगी, संभाजीनगरला एमए करते, तिनं वही ओढली आणि लिहिलं: '...की इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे?' आणि मोठ्यानं वाचलं. सगळे गप्प. गुरुजींनी परत एकदा वाचायला लावलं. मग म्हणले, "मी केळना नदीच्या कडेनं त्या पांढरीवरून रोज शाळेत जातो, पोरं तिथं खापरं वेचून खेळतात." त्या दिवशी दुसरं काहीच झालं नाही, भोकरदनच्या लेखातच दुपार गेली, आणि मला तरी ती आमची सगळ्यात चांगली ओळ वाटते. त्यातला कुठलाही शब्द धरून ओढा, निघत नाही.

दुसरी अडचण उलटी आहे आणि ती आपल्या लोकांची जास्त आहे. आपल्याला आपलं काही भारी वाटतच नाही. १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन असतं, शाळेत असताना जायचं, घरी यायचं, संपलं. पुण्याच्या एका मित्राला बोलताबोलता म्हणलं की भारत १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला पण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, म्हणजे तेरा महिन्यांनी. तर तो गाडी चालवता चालवता थांबला, म्हणे खरंच? पस्तीस वर्षांचा माणूस, महाराष्ट्रातच शिकलेला. आमच्याकडं ज्यांचे आजोबा रझाकारांच्या गोष्टी सांगत वारले त्यांना यात नवल वाटत नाही, म्हणून कुणी लिहीत नाही, म्हणून बाहेर कुणाला माहीत नाही.

तुमच्या लातूरचंच घ्या. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुमच्या घरी तेव्हा हंडे-घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेलं कुणीतरी असेलच, त्यांना विचारा, ते म्हणतील त्यात काय सांगायचं. पण त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं, जमावबंदी, भांडणं होऊ नयेत म्हणून. एखाद्या शहरात पाण्याच्या टाकीला दंगलीसारखा बंदोबस्त लावावा लागतो ही ओळ जगातल्या कुठल्याही माणसाला थांबवेल. रेल्वेवालं सगळ्यांनी लिहिलंय, हे कमी लिहिलं जातं.

मात्र एक गोष्ट मी करत नाही आणि आमच्या गटातही करू देत नाही. माझे मामा औसा तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जवळपास दहा हजार माणसं गेली, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. त्यावर कुणी 'माहीत आहे का' म्हणून मेलेल्यांचा आकडा लावून ओळ आणली की मी सरळ परत देतो. त्याच्या खाली-वर हलक्याफुलक्या ओळी असतात, मधे हे कसं वाचायचं? लिहायचंच असेल तर हे लिहा की तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, आणि २००२ च्या सुधारित नकाशात तो सगळ्यात कमी धोक्याचा झोनच काढून टाकला. यातून वाचणाऱ्याला काहीतरी कळतं, आणि गेलेल्यांचा तमाशा होत नाही. जिवंत माणसांबद्दलही तसंच, कुणाच्या भानगडीची ओळ कितीही खरी असली तरी पहिल्या पानावर लावत नाहीत, तो तर नियमच आहे.

१ एप्रिलला मात्र तिकडं मजा असते, त्या दिवशी ओळी अशा लिहितात की वाचताना भलताच अर्थ लागतो, पण क्लिक केलं की अक्षर न् अक्षर खरं. मराठीत हे फार भारी जमेल, आपल्याकडं गावांची नावंच तशी आहेत.

तुम्ही सुरुवात कशी करायची, तर ओळ शोधत बसू नका, लेख घ्या. मराठी विकिपीडियावर खातं उघडा, आणि जे गाव, जी नदी, जी वस्तू तुम्हाला पायाखालची माहीत आहे त्याचा लेख बघा, बहुतेक दोन-चार वाक्यांचाच असेल. मग जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक, काढा, कॉलेजच्या लायब्ररीत इतिहासाच्या कपाटात धूळ खात पडलेलं असतं. वाचता वाचता एका ठिकाणी तुम्ही स्वतः थांबाल आणि बाजूच्याला म्हणाल "अरे हे बघ", तिथं पेन्सिलनं खूण करा, तोच तुमचा गळ. लगेच टाकू मात्र नका. दुसऱ्या पुस्तकात तेच मिळतंय का बघा, आणि दोन्ही पुस्तकांनी एकाच तिसऱ्याकडून उचललेलं नाही ना हेही बघा, हे फार होतं.

मी तुमच्या जागी असतो तर तेर घेतलं असतं. लातूरहून कुर्डुवाडीच्या लाइनवर आहे, गाडीनं जाता येतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या व्यापारी पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, त्याचं नाव तगर असं आहे, भडोचपासून (गुजरातमधलं भरूच) पैठण वीस दिवस आणि पैठणपासून पूर्वेला तगर दहा दिवस, माल गाड्यांवर लादून न्यायचे. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंचं म्युझियम आहे. सकाळच्या गाडीनं जा, वही घेऊन जा, कपाटाखालच्या पाट्या अक्षरशः उतरवून घ्या आणि फोटो काढू देतात का ते तिथल्या माणसाला आधी विचारा. लेखाचा कच्चा मजकूर झाला की इथंच खाली टाका, तपासायला मी बसतो, आणि मग माझी भोगवर्धनवरची पुढची ओळ तुम्ही तपासा.